हवा भरपूर, तरी अमोनिया हटेना: सूस-म्हाळुंगे भागातल्या एका एसटीपीचं प्रकरण

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला. "मॅडम, सगळ्या विंगांची एकच तक्रार आहे. फ्लश केला की बाथरूममध्ये लघवीसारखा वास येतो. दोनदा टाक्या धुतल्या, फरक नाही. तुम्ही एकदा येऊन बघा." सोबत एसटीपीचा, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा, डिसेंबरचा लॅब रिपोर्टही त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवला. बीओडी (जिवाणू खाऊ शकतात त्या घाणीचं माप) ८, सीओडी (एकूण सेंद्रिय घाणीचं माप) ४०, सस्पेंडेड सॉलिड्स (तरंगते कण) १०, पीएच (पाणी किती आम्लधर्मी याचं माप, ७ च्या खाली आम्ल) ६.७. सगळं मर्यादेत. फक्त अमोनिकल नायट्रोजन, म्हणजे अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन, २१ मिलिग्रॅम प्रतिलिटर. त्यांच्या संमतीपत्रातली मर्यादा ५ ची. आणि जुलैच्या रिपोर्टमध्ये हाच आकडा १.८ होता.

एसटीपीच्या कामात मी बरीच वर्षं आहे, पण हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. यातली चूक पुण्याच्या पाण्याशी इतकी बांधलेली आहे की ती आणखी कितीतरी सोसायट्यांत होत असणार.

आधी जागेची माहिती. २८० घरं, अकराशेच्या आसपास माणसं, रोजचं सांडपाणी साधारण १५० घनमीटर. प्रक्रिया एमबीबीआर, म्हणजे हवेच्या टाकीत प्लास्टिकच्या छोट्या चाकांसारखी मीडिया फिरत असते आणि तिच्यावर जिवाणूंचा थर वाढतो. पुढे गाळ बसवणारा ट्यूब सेटलर, वाळूचा आणि कार्बनचा फिल्टर, शेवटी हायपो, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण. शुद्ध झालेलं पाणी फ्लशला आणि बागेला जातं, उरलेलं ओढ्यातून मुळेला.

मी पोचेपर्यंत तीन उपाय करून झाले होते. पहिला, ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र. देखभाल करणाऱ्या कंपनीने "थंडीत जिवाणू मंदावतात, हवा वाढवा" असं सांगून राखीव ब्लोअरही चोवीस तास चालू ठेवला होता. दुसरा, बॅक्टेरिया कल्चरची पाकिटं, दोन वेळा. तिसरा, हायपो. वास मारायला ऑपरेटर रोज ३५ लिटरचा एक कॅन ओतत होता, आणि तरीही क्लोरीनच्या पट्टीवर रंग चढत नव्हता. चौथ्या उपायाचं कोटेशन टेबलावर पडलं होतं: अमोनिया हवेत उडवून लावणारा स्ट्रिपिंगचा मनोरा किंवा अमोनिया पकडणाऱ्या झिओलाइट खनिजाचा फिल्टर, दोन्हींपैकी एक निवडा. सह्या तेवढ्या बाकी होत्या.

हायपोचं गणित आधी सांगते, कारण वासाचं निम्मं उत्तर त्यात आहे. पाण्यात अमोनिया असला की क्लोरीन आधी त्याच्याशी जोडला जातो आणि क्लोरामाइन तयार होतात. पुरेसा क्लोरीन घातला तर अमोनिया पूर्ण मोडतो, पण त्याला १ किलो अमोनिया-नायट्रोजनमागे ७.६ किलो क्लोरीन लागतो, प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्तच. इथे रोज ३ किलो नायट्रोजन शिल्लक राहत होता. म्हणजे २३ किलो क्लोरीन, म्हणजे दहा टक्क्यांच्या हायपोचे सहा-सात कॅन, रोज. एका कॅनने काय होणार? जंतू मरायला मोकळा क्लोरीन उरत नव्हता आणि लघवीच्या वासात जलतरण तलावाचा वास मिसळत होता. रहिवाशांना दोन्ही एकदम येत होते.

प्लांट तळघरात, पार्किंगच्या मागे. ऑपरेटर लातूरकडचा, पंचविशीचा मुलगा, दोन वर्षांपासून इथेच. त्याने जाळी उचलली आणि म्हणाला, "मॅडम, हवा लई हाय, पण वास काही जाईना." हवा खरोखरच भरपूर होती. टाकी नुसती उसळत होती. मीटर सोडला तर विरघळलेला ऑक्सिजन ४.८ मिलिग्रॅम. अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंना २ च्या वर असला तरी पुरतो. ४.८ हा आकडा बघून मला खरं तर हायसं वाटलं. ऑक्सिजन शिल्लक पडतोय, याचा अर्थ खाणाऱ्यांनी खाणं थांबवलंय. उपाशी माणसाला वाढायचं राहिलं असेल तर वेगळी गोष्ट, पण ताट भरलेलं असून तो जेवत नसेल तर दुखणं दुसरीकडे आहे.

थंडीचा मुद्दा मी उडवून लावला नाही. पुण्यात जानेवारीत रात्री पारा दहापर्यंत उतरतो आणि या जिवाणूंची वाढ थंडीत मंदावते, हे खरंच आहे. पण तळघरातल्या टाकीचं तापमान २३ अंश होतं. घराघरांतून गिझरचं पाणी येतं, टाकी जमिनीखाली आहे. तेवीस अंशांत काम हळू होईल, निम्म्यावर अडकून पडणार नाही.

मग पीएच. टाकीत मीटर धरला तर ६.३. लॅबने ६.७ दिला होता. इथे रिपोर्टवर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्यांची नेहमी फसगत होते. टाकीतल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, बाटली लॅबपर्यंत जाईस्तोवर त्यातला बराच उडून जातो आणि पीएच वर सरकतो. पीएच जागेवरच मोजायचा असतो. ६.३ हा आकडा बोलका होता.

अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यात आम्ल तयार होतं. जिवाणूंचे दोन गट हे काम पाठोपाठ करतात: एक अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. १ किलो अमोनिया-नायट्रोजन असा पालटायला ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो, हे सगळ्यांना पाठ असतं, कारण त्यावर ब्लोअर विकले जातात. त्याच १ किलोमागे ७.१४ किलो अल्कलिनिटी खर्ची पडते, हे मात्र कुणी सांगत नाही. अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, मुख्यतः त्यातलं बायकार्बोनेट. मराठीत तिला क्षारता म्हणतात, पण त्या शब्दाने घोटाळा होतो. मी तो उच्चारताच काका म्हणाले, "क्षार तर आमचे आता खूप कमी झालेत, टीडीएस बघा ना, पाणी उत्तम आहे!" म्हणून मी गंगाजळी हा शब्द वापरला. सोसायटीचा सिंकिंग फंड असतो तशी ही पाण्याची गंगाजळी. अमोनियाचं प्रत्येक बिल तिच्यातून फिटतं. ती संपली की पीएच कोसळतो आणि जिवाणू हात आखडतात, मग वरून कितीही हवा सोडा.

काकांचं वाक्य मात्र माझ्या डोक्यात अडकलं. "आता" कमी झालेत म्हणजे? आधी जास्त होते?

होते. गेली चार वर्षं ही सोसायटी टँकरवर होती. हा भाग २०२१ मध्ये महापालिकेत आला, पण नळ यायला वेळ लागला, तसा तो समाविष्ट गावांत सगळीकडेच लागतो. यांची जोडणी ऐन दिवाळीत झाली. पेढे वाटले गेले, टँकर बंद झाले. आणि नोव्हेंबरपासून अमोनिया चढायला लागला. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी कुणी ठेवल्या नव्हत्या, कारण नळाचं पाणी प्लंबिंग समितीकडे आणि एसटीपी दुसऱ्याच समितीकडे.

मी ब्युरेट (मिलीच्या खुणांची, तोटी असलेली काचेची नळी) आणि बाटल्या घेऊनच गेले होते. पंपाच्या चौथऱ्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि ऑपरेटरला शेजारी बसवलं. १०० मिली पाणी, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब, पाणी पिवळं होतं. मग ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल थेंब थेंब सोडायचं, पिवळा रंग नारिंगीकडे झुकला की थांबायचं. जितके मिली आम्ल लागलं त्याला दहाने गुणलं की अल्कलिनिटी मिळते, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. आधी नळाचं पाणी: ४.५ मिलीला रंग फिरला, म्हणजे ४५. मग सोसायटीची जुनी बोअर, जी आता फक्त गाड्या धुवायला वापरतात: आम्ल सोडतेय, सोडतेय, रंग फिरायचं नाव नाही. २९ मिलीला फिरला. २९०. ऑपरेटर ब्युरेटकडे बघतच राहिला. "एकाच जागचं पाणी, एवढा फरक?"

एकाच जागचं नाहीच ते. नळाचं पाणी खडकवासला प्रकल्पाचं, म्हणजे मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरांवर पडलेला पाऊस. बेसॉल्टवरून तो घाईने वाहून धरणात येतो, खडकातलं फारसं काही उचलत नाही. शुद्धीकरण केंद्रात तुरटीसारख्या रसायनांनी गाळ बसवताना होती त्यातली आणखी थोडी अल्कलिनिटी जाते. बोअरचं पाणी मात्र त्याच बेसॉल्टच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. टँकर भरतात ते आसपासच्या अशाच बोअरवर. ज्या पाण्याने गिझरच्या कॉइल खाल्ल्या आणि नळांवर पांढरे थर चढवले, तेच पाणी चार वर्षं एसटीपीला पोसत होतं.

आता जमाखर्च. मैलापाण्यातला बहुतेक नायट्रोजन लघवीतल्या युरियातून येतो. युरिया फुटून अमोनिया होताना १ किलो नायट्रोजनमागे ३.५७ किलो अल्कलिनिटी तयार होते. नीट बघा, ७.१४ च्या बरोबर निम्मी. म्हणजे निम्मा खर्च लघवी स्वतःच घेऊन येते, उरलेला निम्मा पाण्याने भरायचा. इथे पालटायचा नायट्रोजन ४५ मिलिग्रॅम. खर्च ३२१. लघवीची जमा १६०. टँकरच्या दिवसांत पाण्याचे २९० धरले तर एकूण ४५०, खर्च वजा जाता १२९ शिल्लक. नळाच्या पाण्यात ४५ आणि १६० मिळून २०५. खर्च ३२१. तुटवडा ११६ चा.

कच्च्या मैलापाण्याचं टायट्रेशन, म्हणजे हीच आम्लाची चाचणी, केलं, २०.५ मिली, म्हणजे २०५. शुद्ध पाण्याचं केलं, २.४ मिली, म्हणजे गंगाजळीत जेमतेम २४ उरलेले. नायट्रेट-नायट्रोजन पट्टीवर २५ च्या आसपास. पंचवीस पालटले, वीस अडले. कागदावरचं गणित आणि बाटलीतलं पाणी एकच गोष्ट सांगत होतं. असा क्षण या धंद्यात रोज येत नाही, म्हणून तो मला नीट आठवतो.

तो मनोरा आणि झिओलाइट का नको, हे समितीला समजावणं भाग होतं. स्ट्रिपिंग हे खोटं तंत्र नाही. खताच्या कारखान्यांचं पाणी, कचरा डेपोतून झिरपणारं पाणी (लीचेट), जिथे अमोनिया शेकड्यांत-हजारांत असतो तिथे ते चालतं. पण त्यासाठी पीएच ११ च्या आसपास न्यावा लागतो. पीएच ७ ला अमोनियाचा अर्धा-पाऊण टक्काच वायुरूपात जायला मोकळा असतो, ९ ला एक तृतीयांशाहून थोडा जास्त, ११ ला जवळजवळ सगळा. म्हणजे रोज दीडशे घनमीटर पाण्यात चुना घालायचा, अमोनिया हवेत सोडायचा, तोही पार्किंगशेजारी, आणि पुन्हा आम्ल घालून पीएच खाली आणायचा. झिओलाइट अमोनिया पकडतं खरं. आपल्या वाघोलीच्या खाणींत स्टिल्बाइट, ह्यूलंडाइटचे जे देखणे स्फटिक सापडतात ती याच कुळातली खनिजं. पण पकडलेला अमोनिया मिठाच्या पाण्याने सोडवावा लागतो, आणि ते अमोनियायुक्त खारं पाणी कुठे ओतणार? प्रश्न फक्त एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जातो. कोटेशन परत गेलं.

तातडीचा उपाय सोडा अॅश, म्हणजे धुण्याचा सोडा. वीस मिलिग्रॅम अमोनिया पालटायचा आणि शिवाय ७५ शिल्लक ठेवायची तर रोज ३० किलोच्या आसपास. खायच्या सोड्याने केलं असतं तर दीडपटीहून जास्त लागला असता. चुना स्वस्त, पण टाकीत हवा सोडणारे डिफ्यूझर बुजवतो.

इथे माझी चूक झाली. मी ऑपरेटरला वजन सांगितलं, पण तो विरघळवून दिवसभर थेंबाथेंबाने सोडायचा, हे लिहून दिलं नाही. डोसिंग पंप चोकअप झाला तेव्हा त्याने सकाळी सगळा सोडा बादल्यांनी एकदम टाकीत ओतला. तासाभराने त्याचा फोन: "मॅडम, डोळे चुरचुरायलेत, आत थांबवंना." पीएच ९ वर गेला होता. अमोनिया अजून पाण्यातच होता, त्याचा एक तृतीयांश वायू झाला आणि ब्लोअरने तो तळघरभर उडवला. त्याला तिथून लगेच बाहेर काढलं, एक्झॉस्ट चालू करायला लावला, दार उघडं ठेवलं. त्याला काही झालं नाही, पण बंद तळघरात एकट्याने काम करणाऱ्या माणसाला मी अर्धवट सूचना दिली होती. त्या दिवसापासून मी सूचना कागदावर देते आणि समोर वाचून घेते. त्या झटक्याचा माग पुढे चार-पाच दिवस दिसला: मोकळ्या अमोनियाने दुसऱ्या गटाचे जिवाणू दबले आणि नायट्राइट साचला. पट्टी गडद गुलाबी. नायट्राइटही क्लोरीन खातो, त्यामुळे वास तेवढे दिवस वाढलाच. समितीच्या ग्रुपवर काय लिहिलं गेलं ते काकांनी मला दाखवलं नाही, ही त्यांची कृपा.

मोठ्या टाकीत सोड्याचं पाणी केलं, साध्या व्हॉल्व्हने धार धरली. पहिला आठवडा आकडा हललाच नाही. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. बीओडी खाणाऱ्यांची संख्या तासांत दुप्पट होते, यांना दिवस-दिवस लागतात. दहाव्या दिवशी १४, अठराव्या दिवशी ६, चोविसाव्या दिवशी २.५. बॅक्टेरियाचं एकही पाकीट न टाकता. जिवाणू मीडियावर होतेच, थांबलेले होते.

पण महिन्याला नऊशे किलो सोडा हे काही कायमचं उत्तर नव्हे. खर्च आहेच, शिवाय तो सगळा सोडियम बागेत उतरतो, आणि काळ्या मातीला सोडियम मानवत नाही. माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. म्हणून मी मूळ नकाशा मागवला. त्यात हवेच्या टाकीआधी एक छोटा कप्पा होता: अॅनॉक्सिक टाकी. प्रत्यक्षात ती होती, भरलेलीही होती. पण नायट्रेटचं पाणी मागे आणणारा पंप जळून केव्हाचा काढला होता, व्हॉल्व्हचं हँडल गायब होतं, आणि गाळ बसू नये म्हणून कुणीतरी तिच्यात हवेची नळी सोडून ठेवली होती. ज्या टाकीचा सगळा अर्थच हवा नसण्यात आहे, तिच्यात हवा!

ही टाकी काय करते? हवा नसेल तर बीओडी खाणारे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढतात आणि नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. त्यात १ किलो नायट्रेट-नायट्रोजनमागे ३.५७ किलो अल्कलिनिटी परत मिळते. खर्चाचा दुसरा निम्मा भाग. पहिला लघवीने आणला, दुसरा नायट्रेट परत करतं. शिवाय २.८६ किलो ऑक्सिजनचं काम फुकट होतं. हा हिशेब पहिल्यांदा कळला तेव्हा मी कॉलेजात होते, आणि निसर्गाने हे इतकं काटेकोर जुळवलंय याचं नवल मला अजून वाटतं.

हवेची नळी बंद केली, ढवळायला बुडता मिक्सर बसवला, तासाला १९ घनमीटरचा पंप घेतला. म्हणजे येणाऱ्या पाण्याच्या तिप्पट पाणी मागे फिरतं आणि नायट्रेटचा साधारण तीन चतुर्थांश भाग मोडतो. त्यातून १२० च्या आसपास अल्कलिनिटी परत येते. तुटवडा ११६ चा होता. भरला, पण शिल्लक ठेवायला हात कोरडाच राहिला, म्हणून सोडा पूर्ण बंद झाला नाही. तीसवरून अकरा किलोंवर आला. राखीव ब्लोअर पुन्हा राखीव झाला. हायपो आता दिवसाला काही लिटर लागतो आणि पट्टीवर रंग चढतो. वासाची शेवटची तक्रार मार्चच्या पहिल्या आठवड्यातली.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. एकूण नायट्रोजन १४ आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात एसटीपीसाठी १० चा आकडा धरला आहे, आणि मला तो रास्त वाटतो. इथला ओढा मुळेला मिळतो, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला, आणि भीमा उजनीला. नदीवर साचणारी जलपर्णी याच नायट्रोजनवर पोसते. फेर तिप्पटवरून चौपट करून बघायचा आहे, पण जास्त फिरवलेल्या पाण्याबरोबर ऑक्सिजनही अॅनॉक्सिक टाकीत येतो, म्हणून आधी हवेच्या टाकीतला ऑक्सिजन २ पर्यंत खाली आणतोय. ते काम चालू आहे.

ऑपरेटरकडे आता स्वतःचा ब्युरेट आहे. लॉगबुकात त्याने पट्टीने एक रकाना वाढवलाय, वर लिहिलंय "अल्क.". एप्रिलमध्ये नळाला कपात लागली आणि एका सकाळी त्याचा फोन आला.

"मॅडम, टँकर परत सुरू झालेत. मी सोडा निम्मा केलाय."

"प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं टायट्रेशन केलंत का दादा?"

"केलं ना. साडेनऊ मिली."

"मग उद्यापासून बंदच करा. आणि नळ आला की?"

"त्याच दिवशी चालू."